सोलापुरात राहून आंबेनळी घाटाची तयारी कशी करायची?

सपाट_सोलापूर:
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर पोलादपूर ते महाबळेश्वर आंबेनळी घाटाने सायकलवर जायचं ठरलंय, ग्रुपमधले बाकी सगळे पुण्याचे, त्यांना सिंहगड नि दिवे घाट दाराशीच, आणि आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. सपाटीवर शंभर किमी आरामात होतात पण इथे चाळीसेक किमी चढच चढ. गिअरच्या चकत्यांचे दात पुढे 50/34, मागे 11-28 आहेत. जिममध्ये स्क्वॉट्स वाढवू का? दर रविवारी सायकल गाडीत टाकून वाईला जाणं तर शक्यच नाही.

घाटमाथा:
दादा, आधी हिशोब बघा. तुम्ही, सायकल, पाणी मिळून 85 किलो धरा, चढ तेराशे मीटरच्या आसपास. एवढं वजन नुसतं वर न्यायलाच 150 वॅटने दोन तास लागतात, रस्त्याचं घर्षण वेगळं. म्हणजे पायात एकदम जोर असून भागत नाही, मध्यम जोर तासन् तास लावता आला पाहिजे, आणि तो सपाटीवर नक्की कमावता येतो. सपाटीवर आपण नकळत मधे मधे पेडल थांबवतो, सायकल आपली चालत राहते. घाटात पाय थांबला की सायकलही थांबली. म्हणून आठवड्यातून दोनदा 20-20 मिनिटांचे दोन तुकडे करा, त्यात पेडल एकदाही सोडायचं नाही, एखाददुसरा शब्द बोलता यावा पण गप्पा मारता येऊ नयेत इतपत दम. हळूहळू तुकडा 40 मिनिटांपर्यंत न्या. स्क्वॉट्स करा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

पंढरपूरकर:
अहो तुमच्याकडे वारा आहे की! जून ते ऑगस्ट पश्चिमेचा काय वारा सुटतो आपल्याकडे, पाऊस नाही पण वारा आहेच. पहाटे मोहोळकडे निघा, सगळा तोंडावर येतो, हात हूडवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठींवर, ठेवून ताठ बसा म्हणजे अंगावर अजून घ्याल, घाटातही तसंच बसायचंय. येताना वारा पाठीशी असतो तेव्हा पाय मोकळे करा. हायवे आहे, मागचा लाल दिवा चालू ठेवा, कडेची पट्टी सोडू नका.

मावशी_ऑन_व्हील्स:
कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बदला बाळा, हे सगळ्यात आधी. पुढे 34, मागे 28 वर मिनिटाला 60 फेरे मारले तरी वेग नऊच्या वर राहतो, आठ टक्क्यांच्या वळणावर तेवढा जोर शेवटपर्यंत टिकत नाही नि गुडघे बोलायला लागतात. 11-34 बसव, पण तुझा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो) 34 दातांची चकती घेतो का ते दुकानात विचारून घे, चेनही लांब लागेल. घरी ट्रेनर (जागेवर सायकल चालवायचा स्टँड) असेल तर पुढचं चाक थोडं उचलून ठेव, चढावर कंबर नि खांदे कसे राहतात ते अंगवळणी पडतं.
आणि उताराची तयारी सपाटीवर होत नाही. महिनाभर आधी एकदा तरी वाईजवळचा पसरणी घाट चढून उतर, ब्रेक वळणाच्या आधी मारायचे, वळणात नाही.

सपाट_सोलापूर:
कॅसेटचं उद्याच विचारतो मावशी. वाऱ्यात त्या 20 मिनिटांना वेग बघायचा की दम?

घाटमाथा:
दमच. वाऱ्यात वेग 16 वर आला तरी चालेल, सायकलचा मीटर खिशात टाका.