मदत हवी आहे : ल्युशियस मालफॉय खरंच शापाखाली होता का?

नमस्कार मंडळी. मी परभणीची. आमच्या गल्लीतली लेकरं दिवाळीच्या सुट्टीत हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या ल्युशियस मालफॉयवर खटला चालवणार आहेत आणि न्यायाधीश म्हणून मला बसवलंय. हॅरी पॉटरचे सातही भाग वाचलेली लेकरं आहेत, त्यांच्यापुढं थातूरमातूर निकाल चालणार नाही. इम्पेरियस शापाच्या (टाकणाऱ्याच्या मर्जीप्रमाणं वागायला लावणाऱ्या जादूच्या) नियमांत मी अडकलेय, जाणकारांनी सोडवावं.

मालफॉयचा बचाव ठाऊकच आहे : खलनायक व्होल्डेमॉर्टसाठी जे केलं ते शापाच्या अंमलाखाली केलं. 1981 मध्ये व्होल्डेमॉर्ट पडल्यावर असंच सांगून बरेच जण सुटले. चौथ्या भागात तर स्पष्टच येतं की कोण खरं बोलतंय, कोण खोटं, हे ठरवताना जादूगारांच्या मंत्रालयाच्या नाकी नऊ आले.

आता सातव्या भागात ग्रिंगॉट्स या जादूगारांच्या बँकेच्या भुयारात तो धबधबा आहे. त्याच्या पाण्यानं जादूचा अंमल धुऊन निघतो, हॅरीनं बँकेतल्या बोग्रॉडवर टाकलेला शापसुद्धा. आमची फिर्यादी वकील (आठवीतली आहे, फार हुशार) म्हणते, मंत्रालयानं असंच पाणी दारात का नाही सोडलं? मंत्रालयातला, शापाखाली असलेला पायस थिकनीज पहिल्याच दिवशी सापडला असता. तिचं बरोबर आहे. पण मालफॉयच्या खटल्यात याचा उपयोग नाही, कारण शाप उतरून गेल्यावर पाणी काय दाखवणार? सत्य बोलायला लावणाऱ्या औषधाचं म्हणाल तर त्याचा उतारा घेता येतो, मनही बंद ठेवता येतं, असा लेखिकेचा खुलासा आहे. तो मला पटतो.

माझी खरी अडचण पुढं आहे. शाप उतरतो कधी? सातव्या भागाच्या शेवटी व्होल्डेमॉर्ट मरतो आणि देशभरातले शापाखालचे लोक भानावर येतात. म्हणजे टाकणारा मेला की शाप संपला, असं धरावं तर थिकनीजवर शाप यॅक्सली या व्होल्डेमॉर्टच्या माणसानं टाकला होता, व्होल्डेमॉर्टनं नव्हे. आणि त्याहून मोठी गोष्ट, 1981 मध्ये व्होल्डेमॉर्ट मेलाच नव्हता! देह गेला, जीव राहिला. मग मालफॉय तेव्हा शुद्धीवर आला कसा? शक्ती गेली की शाप सुटतो, असा काही नियम असेल तरच त्याचा बचाव टिकतो. नसेल तर त्याचं बोलणंच त्याच्यावर उलटतं. तेव्हाच्या कोर्टाला हॉर्क्रक्स (जीवाचा तुकडा लपवून मरण टाळायच्या वस्तू) माहीत नव्हते, आमच्या लेकरांना माहीत आहेत.

शिवाय धाकट्या बार्टी क्राउचला बापानं वर्षानुवर्षं शापाखाली ठेवलं, तरी तो हळूहळू झुंजायला लागलाच. पुढं बापावरही हाच शाप पडला, तोही तसाच झुंजला. मालफॉयला कधी कुणी तसं झुंजताना पाहिलं का?

आमच्याकडची जुनी माणसं भानामतीच्या गोष्टी सांगतात. ‘ते मी केलंच नाही, माझ्याकडून करवून घेतलं’ एवढं म्हटलं की विचारणं थांबायचं. लेकरांनी तिथं थांबू नये, पुरावा मागावा, म्हणून एवढी धडपड.

तर ताई-दादांनो, टाकणाऱ्याचं बळ गेलं की शाप उतरतो, असं पुस्तकात कुठं आलंय का? भाग आणि प्रकरण सांगितलंत तर फार उपकार होतील. पडद्यावरचे प्रसंग नकोत, बचाव पक्षाचा पोरगा ते मान्य करत नाही.