डेव्हिलला कॅन्सर चावण्यातून होतो म्हणे. मग परक्या पेशी शरीर स्वीकारतं कसं?

कुतूहल
टास्मानियन डेव्हिल या ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्या प्राण्याच्या तोंडावर गाठी येतात आणि एकमेकांना चावण्यातून तो कॅन्सर पसरतो, असं वाचलं. व्हायरस पसरतो आणि त्यातून पुढे कॅन्सर होतो, हे समजू शकतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं तसंच आहे. पण इथे म्हणे व्हायरस नाहीच. कॅन्सरच्या पेशीच एका प्राण्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. मग दुसऱ्याची किडनी बसवल्यावर आपल्याला जन्मभर गोळ्या का घ्याव्या लागतात? एके ठिकाणी उत्तर मिळालं की पिशवीवाल्या प्राण्यांची प्रतिकारशक्ती मुळातच मागासलेली असते. खरं आहे का हे?

उंटावरचा शहाणा
मागासलेली वगैरे काही नसते. सगळे डेव्हिल एकमेकांचे चुलतभाऊ, एवढंच. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून ते सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच संपले, उरले फक्त टास्मानिया बेटावर. एका बेटावरची मर्यादित संख्या, त्यामुळे जनुकीय वैविध्य कमी. भावाची पेशी परकी वाटणार कशी? विषय संपला.

भिंगधारी
विषय संपला नाही हो, शहाणे. वैविध्य कमी आहे हे खरं, आणि सुरुवातीला शास्त्रज्ञांनीही हेच उत्तर दिलं होतं. मग कुणीतरी सरळ प्रयोग करून पाहिला: एका डेव्हिलची कातडी दुसऱ्यावर लावली. चुलतभाऊ असते तर ती टिकायला हवी होती. थोड्याच दिवसांत शरीराने ती नाकारली. हे निष्कर्ष २०११ साली आले. म्हणजे डेव्हिलला आपलं-परकं कळतं. भावाची कातडी नाकारणारा प्राणी गाठ मात्र ठेवून घेतो, तेव्हा खोट गाठीत शोधायला हवी.

मी पशुवैद्यक आहे आणि गाठींच्या स्लाइड बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

व्हायरस नाही हे कसं कळलं? गुणसूत्रांवरून. डेव्हिलच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात. गाठीच्या पेशीत १३, तीही मोडतोड होऊन पुन्हा जुळलेली. आणि ही मोडतोड वेगवेगळ्या प्राण्यांच्या गाठींत तशीच्या तशी! प्रत्येकाला स्वतंत्रपणे कॅन्सर झाला असता तर हे अशक्य होतं. अ‍ॅन-मरी पिअर्स आणि केट स्विफ्ट यांनी २००६ मध्ये हे मांडलं. त्यांच्याकडे एक डेव्हिल असा होता की त्याच्या स्वतःच्या एका गुणसूत्रात जन्मजात उलटापालट होती, आणि त्याच्याच तोंडावरच्या गाठीत ती नव्हती. गाठ त्याची नव्हतीच! इतका सुटसुटीत पुरावा आमच्या धंद्यात क्वचित मिळतो. पुढे २०१० मध्ये कळलं की मूळ पेशी मज्जातंतूंना वेढणारी ‘श्वान’ (Schwann) पेशी होती; नावाचा कुत्र्याशी संबंध नाही. ती होती कुणा एका मादीची. ती मादी केव्हाच मेली, तिच्या पेशी अजून फिरताहेत.

आता मूळ प्रश्न. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय याचे नमुने एमएचसी नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर मांडते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी येता-जाता ते तपासतात, आणि किडनी नाकारली जाते ती मुख्यतः याच रेणूंमुळे. डेव्हिलच्या गाठीने दारावरची ही पाटीच काढून टाकली आहे. गंमत म्हणजे जनुकं शाबूत आहेत, नुसती बंद करून ठेवली आहेत. इंटरफेरॉन गॅमा हे प्रतिकारशक्तीचं निरोप देणारं प्रथिन दिलं की प्रयोगशाळेत त्या पेशी पुन्हा एमएचसी दाखवू लागतात. हॅना सिडल आणि सहकाऱ्यांचं २०१३ चं हे काम. लशीची सगळी आशा त्यावरच उभी राहिली.

राहिलं ‘मागासलेलं’. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. टी-पेशी, बी-पेशी, अँटिबॉडी, एमएचसी, सगळं मार्सुपियलांकडे, म्हणजे पिशवीवाल्यांकडे आहे. उलट टी-पेशीवरचा एक ग्राही (रिसेप्टर) असा आहे जो आपल्याकडे नाही. फरक आहे तो जन्माच्या वेळचा. डेव्हिलचं पिल्लू तीनेक आठवड्यांच्या गर्भधारणेनंतर तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर येतं. तेव्हा त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नसतेच. पिशवी काही निर्जंतुक जागा नव्हे. तिथे ते तगतं ते आईच्या दुधातल्या अँटिबॉडी आणि जंतुनाशक पेप्टाइडांवर. अशा पिल्लाला जगवणारी व्यवस्था मागासलेली कशी?

आणि हा प्रकार फक्त पिशवीवाल्यांचा असता तर कुत्र्यांचं काय? कुत्र्यांचा टीव्हीटी नावाचा गाठीचा कॅन्सर समागमातून पसरतो, तोही पेशींमधूनच, आणि काही हजार वर्षांपासून. शिंपल्यांमध्येही असे कॅन्सर सापडले आहेत.

कुतूहल
धन्यवाद, कातडीचा प्रयोग वाचून डोक्यात प्रकाश पडला. पण टीव्हीटीने कुत्रे संपले नाहीत. डेव्हिल मात्र संपत आलेत ना? आणि कोआलांनाही असंच काही होतं का?

भिंगधारी
कोआलांचं प्रकरण वेगळं. तिथे रेट्रोव्हायरस आहे, पेशी जात नाहीत.

टीव्हीटीही वाढताना एमएचसी दडवतो, पण बऱ्याचदा पुढे ते परत दिसू लागतं आणि गाठ आपोआप विरते. नाही विरली तर व्हिनक्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधाची काही इंजेक्शनं बहुधा पुरतात. ती गाठ काळी पडून झडताना पाहणं हे आमच्या कामातलं एक समाधान. डेव्हिलची गाठ विरल्याची उदाहरणं आहेत, पण मोजकी. एरवी बहुतेक प्राणी वर्षभरात मरतात. तोंडात गाठ, खाणार काय?

१९९६ मध्ये ईशान्य टास्मानियात रोग पहिल्यांदा दिसला, आणि तो जिथे जुना झाला तिथे संख्या ८० टक्क्यांपर्यंत घसरली. त्यात २०१४ मध्ये आग्नेय भागात दुसरीच गाठ सापडली, डीएफटी२. हिच्यात वाय गुणसूत्र आहे, म्हणजे हिचा उगम एका नरात. एकाच प्रजातीत असा कॅन्सर दोनदा! मला स्वतःला यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं हेच वाटतं. डीएफटी२ च्या पेशी तर एमएचसी दाखवतात, तरी पसरल्या. म्हणजे पाटी काढणं ही एकच युक्ती नाही.

निशाचर
एक भर. गाठी जास्त चावे खाणाऱ्यांना होतात असं आपण धरून चालतो, पण रॉड्रिगो हॅमेडे यांच्या पाहणीत उलट निघालं. कमी चावे असलेल्यांना रोग जास्त. बहुधा जो दुसऱ्याची गाठ चावतो, त्याच्याच तोंडात पेशी जातात. दादागिरी महागात पडते.

उंटावरचा शहाणा
बरं, कातडीपुढे हार मानली. लशीचं पुढे काय झालं?

भिंगधारी
मारलेल्या गाठ-पेशींवर एमएचसी परत आणून त्या टोचल्या. अँटिबॉडी बऱ्याच जणांत तयार झाल्या, रोगापासून भरवशाचं संरक्षण मात्र मिळालं नाही. आता अ‍ॅडिनोव्हायरसवर बेतलेली, आमिषात घालून खायला देता येईल अशी लस बनवताहेत. जंगलात प्रत्येकाला पकडून कोण टोचणार? पण आमिष ठेवून पाहिलं तर डेव्हिल पोहोचायच्या आत पोसम आणि क्वोल हे तिथले दुसरे पिशवीवाले प्राणीच ते फस्त करतात. त्यामुळे लशीइतकंच डोकं आता आमिष देणाऱ्या यंत्रावर चालू आहे.