मदत हवी आहे: १९६६ नंतरच्या दख्खनच्या राणीचा डबा आणि जुन्या फोटोंवरून खिडकीचे माप

नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्याला राहतो आणि गेली तीन वर्षे एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ ला, रेल्वेच्या प्रवासी डब्यांच्या प्रतिकृती बनवत आहे. सध्या हाती घेतलेला डबा दख्खनच्या राणीचा आहे. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक होते. त्यांचे सांगाडे इंग्लंडमध्ये आणि वरची बांधणी जीआयपी रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात झाली होती. मला मात्र तो रेक करायचा नाही. १९६६ मध्ये जुने डबे जाऊन पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे (आयसीएफ) पोलादी डबे आले, क्रीम आणि ऑक्सफर्ड निळ्या रंगाचे, खिडक्यांच्या वर लाल पट्टा असलेले. माझे वडील याच डब्यांतून पुण्याला जात-येत असत, म्हणून मला तेच हवे आहेत.

एक खुलासा आधी करतो. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण इथे बोगी हा शब्द मी डब्याखालच्या चार चाकांच्या गाड्यापुरताच वापरला आहे.

आयसीएफ डब्याची मुख्य मापे सर्वांना माहीत आहेत. डबा २१,३३७ मिलिमीटर लांब आणि ३,२४५ रुंद, बोगीच्या दोन आसांमधले अंतर २,८९६ आणि चाकाचा व्यास ९१५. एचओ प्रमाणात लांबी २४५ मिलिमीटर आणि रुंदी साधारण ३७ येते. अडचण खिडक्यांची आहे. माझ्याकडे १९७८ सालचे, पुणे स्थानकावर काढलेले तीन घरगुती फोटो आहेत आणि तिन्ही दुसऱ्या वर्गाच्या एकाच डब्याचे आहेत. पहिला समोरच्या फलाटावरून सरळ बाजूने काढलेला असून त्यात एक बोगी आणि तिच्यावरच्या चार खिडक्या दिसतात. दुसऱ्यात वडील फलाटावर उभे आहेत आणि मागे तीन खिडक्या आहेत. तिसरा तिरका आहे. त्यात संपूर्ण डबा येतो, पण त्यातल्या खिडक्या मोजता येतात, मापता येत नाहीत.

पहिल्या फोटोत मी आसांमधले अंतर आधार धरले, त्यावरून खिडकीची रुंदी व दोन खिडक्यांमधला पत्रा काढला, दारांचे भाग त्याच हिशेबात अंदाजाने धरले आणि एक मिलिमीटर जाडीच्या स्टायरीन प्लॅस्टिकच्या तक्त्यावर सगळे आखले. बाजू २४५ ऐवजी २५७ मिलिमीटर भरली. हे आखून झाल्यावर नव्हे, तर अर्ध्याहून अधिक खिडक्या कापून झाल्यावर लक्षात आले, कारण मी एका टोकाकडून सुरुवात केली होती आणि दुसऱ्या टोकाचे दार आधीच कापून ठेवले होते. शेवटच्या खिडकीची चौकट त्या दाराच्या खांबावर चढून बसली. दोन संध्याकाळी वाया गेल्या. मग दुसऱ्या फोटोत वडिलांची उंची, १६८ सेंटिमीटर, आधार धरून तोच हिशेब केला, तर बाजू २३१ मिलिमीटरच भरली.

माझ्या मते कारण असे आहे. बोगीच्या बाहेरच्या बाजूला दिसणारी आसपेटी, म्हणजे आसाचे टोक जिच्यात बसते ती पेटी, डब्याच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर आत असते, म्हणजे कॅमेऱ्यापासून तेवढी लांब, आणि फोटोत तेवढी लहान दिसते. फोटो दहा मीटरवरून घेतलेला असला तर पाच टक्क्यांची चूक होते, आणि २४५ चे २५७ होतात. वडील मात्र डब्याच्या फूटभर पुढे उभे आहेत, त्यामुळे ते मोठे दिसतात आणि त्यांच्या मापाने डबा आखूड होतो. दोन्ही चुका विरुद्ध दिशांना आहेत आणि खरे माप मधे कुठेतरी आहे, इथपर्यंत मला पटले आहे.

पण दहा मीटर हे अंतर माझ्या अंदाजाचे आहे. उत्तर २४५ यावे म्हणून अंतर निवडले, तर ते मोजमाप राहात नाही, जुळवाजुळव होते. सगळी आखणी सरसकट आकसून २४५ मध्ये बसवण्याचाही विचार केला. परंतु दारांचे भाग मुळात अंदाजाने धरलेले असल्यामुळे चूक खिडक्यांत किती आणि दारांत किती हे त्यातून कळत नाही. या डब्याचा चेहरा खिडक्यांच्या ओळीत आहे. तिथे प्रत्येकी अर्धा मिलिमीटर चुकला तरी जाणकाराला डबा ओळखू येणार नाही, असे मला मनापासून वाटते.

म्हणून मुख्य विनंती ही, की डब्याच्या बाजूच्या पत्र्याच्याच पातळीत असलेली एखादी वस्तू, जसे दाराची चौकट, दाराशेजारची उभी दांडी किंवा अक्षरांची उंची, हिचे खात्रीचे माप कोणाकडे असल्यास ते कृपया द्यावे. त्या काळच्या बैठ्या डब्याचे कारखान्याचे रेखाचित्र कोणी पाहिले असेल, तर फारच उत्तम. आज उभे असलेले आयसीएफ डबे मोजून त्यावरून १९६६ चे माप धरणे कितपत योग्य ठरेल, हेही जाणकारांनी सांगावे.

दुसरा प्रश्न बोगीचा आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे एचओमध्ये १९.३, बाजारात मिळणारे रूळ १६.५ चे, कारण ते १,४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी आहेत. चाके आत घ्यावीच लागतील, पण बोगीच्या बाजूच्या चौकटी मी खऱ्या रुंदीवरच ठेवणार आहे, कारण डबा पाहणारा बाजूने पाहतो. प्रत्येक बाजूला सुमारे १.४ मिलिमीटरची जादा फट राहील. आस लांब करून ज्यांनी ती भरून काढली आहे, त्यांचे डबे सरळ चालतात का?

वळणाचेही विचारून ठेवतो. माझ्या खोलीत ४३८ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा मोठे वळण मावत नाही आणि त्यावर डब्याचा मधला भाग आत आठ मिलिमीटर सरकतो, तेव्हा फलाटाची कड किती मागे ठेवलीत ते सांगावे.

तिन्ही फोटो मोठ्या आकारात स्कॅन करून ठेवले आहेत, मागणाऱ्यास पाठवीन. नवी बाजू कापायला मापाची खात्री झाल्यावरच घेणार आहे.