पेरास्तच्या बेटावरील चर्च : आख्यायिका किती, इतिहास किती?

महालकर :
नमस्कार मंडळी. महालातील आमच्या वाचनकट्ट्यावर माँटेनेग्रोमधील कोटोरच्या खाडीतल्या ‘गोस्पा ओद श्कर्प्येला’, म्हणजे खडकावरची माउली, या चर्चविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आख्यायिका अशी की, २२ जुलै १४५२ रोजी पेरास्त गावच्या खलाशांना पाण्याबाहेर जेमतेम डोकावणाऱ्या एका खडकावर बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मेरीचे चित्र सापडले, आणि सुखरूप पार पडलेल्या प्रत्येक सफरीनंतर त्या जागी दगड टाकत टाकत त्यांनी बेटच उभे केले. कट्ट्यावरील एक ज्येष्ठ सदस्य याला भाकडकथा म्हणतात. त्यांना काय सांगावे?

धंतोलीकर :
महालकर, बेट माणसांनीच घडवले आहे, याबद्दल त्यांनी निःशंक असावे. नुसत्या दगडांनी भागले नाही. जुनी जहाजे दगडांनी भरून त्याच जागी बुडवली, तेव्हा कुठे चर्च पेलेल इतकी भर तयार झाली. शेजारचे सेंट जॉर्जचे बेट मात्र नैसर्गिक आहे. चर्च १६३२ मध्ये बांधले गेले आणि १७२२ मध्ये त्याचा विस्तार झाला. मेरीचे चित्र कोटोरच्या लोव्रो दोब्रिचेविच या चित्रकाराचे, पंधराव्या शतकाच्या मध्यातले मानले जाते, म्हणजे काळही कथेशी जुळतो. ते खडकावर कसे आले, हा श्रद्धेचा भाग आहे आणि तो तसाच ठेवावा. परंतु दगड टाकण्याची गोष्ट भाकड नाही. दरवर्षी २२ जुलैच्या सूर्यास्ताला गावकरी दगडांनी भरलेल्या होड्या एकमेकींना बांधून निघतात आणि बेटाभोवती दगड सोडतात. या प्रथेला ‘फाशिनाडा’ म्हणतात.

रामदासपेठेतील वाचक :
मी काही वर्षांपूर्वी तेथे गेले होते. त्रिपो कोकोल्या यांची ६८ चित्रे आत आहेत, पण माझे पाय थबकले ते भिंतींवरील चांदीच्या पत्र्यांपाशी. वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेले हे सुमारे २,५०० पत्रे. कित्येकांवर उठावात घडवलेले जहाज लाटांवर कललेले दिसते. आपल्याकडे नवस फेडताना देवीला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहतात, त्याच भावनेतले हे काम आहे. एक भरतकामही अवश्य सांगा. यात्सिंता कुनिच-मियोविच या पेरास्तच्या स्त्रीने, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत, २५ वर्षे ते केले, असे सांगतात. सोन्या-चांदीच्या धाग्यांबरोबर तिने स्वतःचे केस वापरले. जवळून पाहिले तर देवदूतांचे कुरळे केस काही ठिकाणी काळसर आणि काही ठिकाणी पांढरे आहेत.

महालकर :
आपणा दोघांचेही मनापासून आभार. ज्येष्ठांना बुडवलेल्या जहाजांची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी स्वतःहून आणखी प्रश्न विचारले. आता कार्यक्रम २२ जुलैलाच ठेवत आहोत, आणि सुरुवात मी त्या केसांच्या भरतकामापासून करणार आहे.