सोया मेणाची मेणबत्ती म्हणजे पेट्रोलियममुक्त?

वातवळ्या
मेणबत्तीचा विषय निघाला की 'पॅराफिन म्हणजे कच्च्या तेलाचा गाळ, जाळलं की विषारी धूर' हे कुणीतरी ऐकवतंच. मला ते पटत नाही. वंगणतेलात हे पॅराफिन मेण राहिलं तर थंडीत तेल गोठतं, म्हणून ते थंड करून, गाळून वेगळं काढावंच लागतं. मेणासाठी कुणी तेलविहीर खणत नाही. पूर्ण शुद्ध केलेल्या मेणात तेल अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी उरतं. आणि सोया मेण ज्यापासून बनतं ते तेल सोयाबीनमधून काढतात कशाने? बहुतेक ठिकाणी हेक्झेन या द्रावकाने. ते कुठून येतं? पेट्रोलियममधूनच!

शेंगदाणा
अर्धंच सांगितलंत. हेक्झेन उडवून, थंड करून पुन्हा वापरात घेतात. ते मेणबत्तीत जळत नाही. पॅराफिनच्या मेणबत्तीतलं मेण मात्र सगळं खनिज कार्बन. सोयाचा कार्बन झाडाने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. आणि 'तसंही निघणारच' म्हणता, पण त्या मेणाला गिऱ्हाईक मिळालं की तेलाचा धंदाच पोसला जातो ना?

वातवळ्या
कार्बनचा मुद्दा मान्य. पण वेष्टनावर 'सोया' लिहिलेल्या मेणबत्तीत पुष्कळदा पॅराफिनही मिसळलेलं असतं, आणि सुगंध नि रंग बहुधा पेट्रोरसायनांचेच. 'पेट्रोलियममुक्त' हा शब्द जपून वापरा, एवढंच.

काजळीकाका
धुराचं खापर मेणावर फोडण्याआधी वात बघा. लांब वात जास्त मेण ओढते, ज्योतीला तेवढी हवा पुरत नाही आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. दर वेळी पेटवण्याआधी वात ५-६ मिलिमीटरवर कापा, टोकाला आलेली काळी बोंडं खुडा, वाऱ्याच्या झोतात ठेवू नका. वात चुकली तर सोयाही बरणीचा काठ काळा करतं.

शेंगदाणा
वातीचं बरोबर. पण सोयाच्या रेणूत ऑक्सिजन असतो, पॅराफिनच्या नाही. वात योग्य असेल तर काजळी कमी धरण्याकडे सोयाचा कल असतो, हे का वगळता? शिवाय सांडलेलं सोया गरम पाणी आणि साबणाने निघतं. पॅराफिन खरवडत बसा.

साचेवाला
जाळायचं काय ते तुम्ही ठरवा, ओतताना मात्र दोन्ही मेणं वेगळी वागतात. उभ्या, साच्यातल्या मेणबत्तीला ५५ ते ६० अंशाला वितळणारं पॅराफिन आणि त्यात ५ ते १० टक्के स्टिअरिक आम्ल. त्याने कडकपणा येतो, साचा सहज सुटतो. थंड होताना पॅराफिन आकसतं आणि वातीभोवती खड्डा पडतो. म्हणून थोडं मेण राखून ठेवायचं आणि पहिल्या ओतीपेक्षा जरा गरम करून खड्ड्यात ओतायचं. गार ओतलं तर थर चिकटत नाही. निव्वळ सोया मऊ असतं, ते बरणीतच बरं. त्यावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते, ती चरबीच्या स्फटिकांची. माल खराब नाही, पण गिऱ्हाईक परत करतं!
सुगंध २०० ग्रॅम मेणाला १२ ग्रॅम, म्हणजे ६ टक्के. जास्त घातला तर मेण तो धरत नाही, वर तेलाचे थेंब येतात.

शेंगदाणा
बरणीची मेणबत्ती मधोमध भोक पाडून जळते, त्यालाही मेणच जबाबदार?

साचेवाला
नाही, बहुतेक वेळा वात बारीक असते किंवा पहिल्यांदा लवकर विझवलेली असते. अडीच सेंटिमीटर व्यासाला साधारण एक तास धरा: साडेसात सेंटिमीटरची बरणी पहिल्या खेपेला तीन तास, मेण काठापर्यंत वितळेस्तोवर. पण सलग चार तासांच्या वर नको.

काजळीकाका
वितळवताना मात्र पक्ष नकोत. कुठलंही मेण थेट आचेवर ठेवू नका. पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा. पेट घेतलाच तर पाणी अजिबात नाही, त्याची क्षणात वाफ होऊन जळतं मेण उडतं. आच बंद, वर घट्ट झाकण, आणि पूर्ण निवेपर्यंत उघडायचं नाही.