'सॉलिडॅरिटी किचन'ला मराठीत काय म्हणाल?

अनुस्वार
ग्रीसवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. 2010 नंतर तिथं कर्जाचं संकट आलं, पगार-पेन्शनी कापल्या गेल्या, असंख्य लोकांचा औषधपाण्याचा विमा गेला. तेव्हा लोकांनीच गल्लोगल्ली स्वयंपाकघरं आणि दवाखाने काढले. थेस्सलोनिकी शहरात व्हिओमे नावाचा बांधकाम-साहित्याचा कारखाना मालकांनी वाऱ्यावर सोडला होता. तो कामगारांनी 2013 मध्ये स्वतःच सुरू केला आणि तिथं साबण बनू लागला. एवढं सगळं मराठीत बरं उतरलंय. गाडी अडलीय ती 'सॉलिडॅरिटी'पाशी. सॉलिडॅरिटी किचन, सॉलिडॅरिटी क्लिनिक, पानोपानी तेच. आणि लेखिकेचा सगळा भर यावर की ही मदत नव्हे, दान तर मुळीच नव्हे. मी 'एकजूट स्वयंपाकघर' लिहिलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बचत गटाचा कांदा-लसूण मसाला वाटतोय. सुचवा काहीतरी.

पाटीपेन्सिल
ऐक्यभाव. शुद्ध, सुटसुटीत, अर्थाला चोख.

माळावरचा
या, बसा. ऐक्यभाव खिचडी वाढू का?

पाटीपेन्सिल
टिंगल सोपी असते. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही. 'महापौर', 'दिनांक', 'क्रमांक' यांनाही लोक हसलेच असतील. ऐक्यभाव नको तर 'बंधुता' घ्या, संविधानाच्या उद्देशिकेतच आहे.

अनुस्वार
बंधुता मनात आला होता. पण त्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्यांत बायका कितीतरी. बंधूंनी भांडी घासली असतील तर मला आनंदच आहे.

निळी शाई
'फ्रॅटर्निटी' हा शब्द पुरेसा नाही, बुद्धाने ज्याला मैत्री म्हटलं तोच खरा शब्द, असं बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम' या पुस्तकात लिहून ठेवलंय. मैत्री भोजनालय म्हणा. बायकांचाही प्रश्न मिटला.

माळावरचा
मैत्री हॉटेल आमच्या यष्टी स्टँडासमोर आहे. मिसळ बरी असते.
थट्टा सोडा. भावाचं नाव तर घेऊच नका. हिंदीवाल्यांच्या भाईचाऱ्यात लोक गळ्यात पडतात. आपल्या भाऊबंदकीत बांध कोरतात आणि कोर्टात उभे राहतात. एका जिवंत भाषेनं भाऊपणाचा असा निकाल लावलाय म्हणजे त्यात काहीतरी अनुभव असेल.
गावाकडं शब्द पडलेत की. सावड. माझा एक बैल, तुमचा एक बैल, आज माझं रान, उद्या तुमचं. कुणी कुणाला पैसे देत नाही. माणसांच्या कामाची अशीच फेड असली की काही ठिकाणी त्याला वारंगुळा म्हणतात. आणि एखाद्याचं काम फारच मागं पडलं, घरात आजारपण आलं, तर इर्जिक. सगळं गाव औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचं, एका दिवसात काम उरकायचं. मजुरी म्हणून फक्त जेवण. भलरी म्हणत म्हणत दिवस कलायचा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात भातखाचरं बांधायला असेच लोक जमतात, त्याला पडकई म्हणतात. यातलं काहीच दान नाही. ग्रीसच्या बाईला हेच म्हणायचं असणार.

काकूंची वही
माळावरचे भाऊ, तुमचा शब्द गोड आहे, पण 'सावड स्वयंपाकघर' वाचून माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे सावडायला जायचं ते तिसऱ्या दिवशी, स्मशानात. अस्थी सावडून घरी आल्यावर आंघोळ करायची. त्या शब्दाशेजारी मी चूल नाही मांडू शकत.

तत्सम तद्भव
दोन्ही एकच असावेत. सावडणे म्हणजे गोळा करणे. विखुरलेलं एकत्र आणतात, मग त्या अस्थी असोत की बैल. 'सह' आणि 'वृत्' यांच्यापासून निघाला असावा, असं माझं फार दिवसांचं मत आहे.

पाटीपेन्सिल
आपल्या 'फार दिवसांच्या मतां'ना या जागी कधीपासून पुरावा मानू लागले?

तत्सम तद्भव
तुमच्या ऐक्यभावाचा पुरावा काय, तर मगाशी सुचला.

निळी शाई
सावड-इर्जिकीचं कौतुक ऐकून घेतलं. आता दुसरी बाजू. सावड करायला बैल लागतो. ज्याच्याकडे बैल नाही, रान नाही, तो कुणाशी फेड करणार? माझे आजोबाही इर्जिकीला जायचे. बोलावणं नसायचं, हुकूम असायचा. जेवण मिळायचं, पण बाकीच्यांच्या पंगतीपासून लांब, गोठ्याच्या कडेला, आणि ताट घरून न्यायचं. त्यांच्या रानाची इर्जिक कधी झाली नाही, कारण रानच नव्हतं. जे पाटलाच्या मुलाला इर्जिक म्हणून आठवतं ते आमच्या घरात वेठ म्हणून आठवतं. दिवस तोच, भलरी तीच.

माळावरचा
खरं आहे. आमच्या आजोबांनी ही बाजू सांगितली नाही, आणि मी विचारली नाही.

पाटीपेन्सिल
मग असं कुठलाच शब्द उरणार नाही. प्रत्येक शब्दाला इतिहास चिकटलेला असतो. म्हणून तर मी म्हणतो, संस्कृतातून कोरा शब्द घ्यावा.

निळी शाई
संस्कृत कोरं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

दादर पूर्व
भांडा सावकाश. मी मूळ प्रश्नाकडे येतो, स्वयंपाकघराकडे.
आमची आजी लालबागला खाणावळ चालवायची. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे, दहा बाय बाराची खोली. गावाकडून आलेले पंधरा-वीस गिरणी कामगार, दोन वेळचं जेवण, हिशेब पगाराच्या तारखेला. 1974 मध्ये 42 दिवसांचा संप झाला. पगार नाही म्हणजे हिशेब नाही. आजीनं आणि तिच्यासारख्या शेकडो बायकांनी चूल बंद ठेवली नाही. वाण्याकडे स्वतःच्या नावावर उधारी, मंगळसूत्र गहाण, आणि ताटं वाढणं चालू. संपाच्या इतिहासात सभा येतात, पुढारी येतात, या बायका क्वचितच. प्रेमा पुरव मात्र त्यांना विसरल्या नाहीत. त्यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या खाणावळवाल्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, म्हणजे सावकाराच्या दारात जायला नको.
1982 ला 18 जानेवारीपासून पुन्हा संप. यावेळी अडीच लाख माणसं बाहेर आणि तो संप रीतसर मागे घेतलाच नाही कुणी. आजीची उधारीची वही अजून आमच्याकडे आहे. शेवटच्या पानांवर नुसती नावं आहेत, आकडे लिहायचे तिनं सोडून दिले होते.
आजीला विचारलं असतं की हे तू काय केलंस, तर म्हणाली असती, 'पोरं उपाशी कशी ठेवायची?' तिच्याकडे शब्द नव्हता.

काकूंची वही
वही जपून ठेवा हो.

अनुस्वार
ही गोष्ट वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. मग कोश उघडला. ग्रीकमध्ये मूळ शब्द आहे 'आल्लिलेंगी'. पहिला भाग 'एकमेकांचा', दुसरा भाग 'जामीन'. 'सॉलिडॅरिटी'चंही मूळ रोमन कायद्यात, 'इन सोलिदुम': चारचौघांनी मिळून कर्ज काढलं तर सावकार कुणाही एकाकडून ते सगळं वसूल करू शकतो. म्हणजे दोन्ही शब्द मुळात उधारीच्या वहीतले निघाले, भावनेचे नव्हेत!

निवृत्त लेखनिक
आता मला बोलू द्या, हा माझा विषय आहे. मी एकदा जामीन राहिलोय. कचेरीतल्या एका सहकाऱ्याला मुलीच्या लग्नासाठी पतपेढीचं कर्ज हवं होतं. मी आणि आमचा शिपाई, दोघांनी सह्या केल्या. सहकाऱ्यानं बदली घेतली आणि हप्ते थकवले. तीन वर्षं माझ्या पगारातून कापले गेले, शिपायाच्याही. पतपेढीच्या भिंतीवर 'एकमेकां साह्य करूं' रंगवलेलं होतं. त्याच्याखालीच वसुलीचं टेबल.
तरी सांगतो, त्या शिपायाचा नि माझा घरोबा आजही आहे. तेव्हा 'जामीनकी' हा शब्द मला तरी मंजूर.

पाटीपेन्सिल
जामीन मुळात अरबी आहे.

निवृत्त लेखनिक
हप्ते मराठीतच कापले साहेब. आणि हप्ता फारसी.

म्हापशेकार
आमच्याकडचे दोन शब्द देतो. एक गांवकारी, पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. गावाची जमीन सगळ्या गांवकारांची मिळून, उत्पन्नातून वाटा मिळायचा तो झोण. सॉलिडॅरिटीला यापेक्षा जवळचा शब्द कुठला? दुसरा कूड. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावागावांचे कूड आहेत. बोटीवर जाणारा खलाशी चार दिवस आपल्या गावच्या कुडात उतरतो. ट्रंक भिंतीला, प्रार्थनेचा अल्तार समोर, भाडं नावापुरतं.

निळी शाई
झोण कुणाला मिळायचा? मूळ गांवकारांच्या मुलग्यांना. मुलींना नाही, जमीन कसणाऱ्या कुळांना नाही.

म्हापशेकार
मान्य. आणि कूडही त्या त्या गावापुरतेच. पण बाहेरून उतरलेल्या पोराला मुंबईत दुसरं कोण दारात उभं करत होतं?

दादर पूर्व
आमच्या कोकणातल्या गावकीच्या खोल्याही अशाच. एका खोलीत तीन पाळ्या, एक झोपून उठला की दुसरा त्याच वळकटीवर. तिथंच संध्याकाळी कुणी लाल बावट्याच्या सभेला जायचा, कुणी भजनाला. कधी कधी दोन्हीकडे.

तत्सम तद्भव
बावटा! हा लक्षात घ्या. बावटा म्हणजे दंडही, खांदा आणि कोपर यांच्या मधला. वर उचललेला हात तोच झेंडा झाला असावा. यापेक्षा चांगली व्युत्पत्ती कुणी दाखवावी.

पाटीपेन्सिल
पुन्हा 'असावा'.

साने पथक
समाजवाद्यांनी यावर कधीच तोडगा काढलाय. आम्ही एकमेकांना 'साथी' म्हणतो. 'साथ' घ्या. साथ स्वयंपाकघर.

माळावरचा
साथीचं स्वयंपाकघर? पटकीची साथ की तापाची?

साने पथक
हा विनोद मी सेवादलाच्या शाखेत दहाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून दरसाल ऐकतोय. जिंदाबाद.

दादर पूर्व
आणि कम्युनिस्टांचं 'कॉम्रेड' मराठीत इतकं मुरलं की नावाआधी नुसतं 'कॉ.' लावलं तरी भागतं. भाषांतर करत बसले नाहीत ते. सॉलिडॅरिटीही तशीच ठेवा.

काकूंची वही
मला एक विचारायचंय. 2018 च्या मार्चात नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले. मुंबईकरांनी पाणी, खाणं, चपला वाटल्या, आमच्या सोसायटीनंही बिस्किटांची खोकी पाठवली. ती सॉलिडॅरिटी का?

निळी शाई
ती माणुसकी, आणि चांगलीच. पण दहावीची परीक्षा होती म्हणून सोलून निघालेल्या पायांनी ते लोक सोमय्या मैदानावरून रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेले, पोरांना सकाळी रस्ता मोकळा मिळावा म्हणून. दुसऱ्याच्या पोरांसाठी झोप सोडली. माझ्या हिशेबात सॉलिडॅरिटी ती.

काकूंची वही
तेव्हा आम्ही उलटंच समजत होतो. फोटो तर आम्ही बिस्किटांचे काढले.

पाटीपेन्सिल
फार चांगलं. पण शब्द?

अनुस्वार
उद्या सकाळी लेख द्यायचाय. सध्या 'सामायिक चूल' लिहिलंय आणि दवाखान्यापाशी अजून अडलेय. 'जामीनकीचा दवाखाना' म्हटलं तर लोकांना वाटेल पोलीस कोठडीतला. आणखी कुणाला काही सुचलं तर रात्री साडेअकरापर्यंत बघते.

तत्सम तद्भव
चूल वरून आठवलं, 'चुलत' हा शब्द चुलीपासून आला का यावर कुणी कधी विचार केलाय?

पाटीपेन्सिल
नाही. आणि आज करूही नका.

निवृत्त लेखनिक
माळावरचे, इर्जिकीच्या जेवणाला काय असायचं? आमच्याकडे पुरणपोळी आणि गुळवणी ऐकलंय.

माळावरचा
आमच्याकडं बोकड. पुरणपोळीवर एवढं रान कोण नांगरतंय?