मदत हवी आहे: सबटायटल्स संवादांच्या पुढे पळतात

आमच्या फिल्म क्लबमध्ये लुई मालचा 'ओ रव्हॉर ले झाँफाँ' (1987) दाखवायचाय. 1944 मधल्या, जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या निवासी शाळेची गोष्ट. परवानगी घेतलीय, प्रतही रीतसर मिळालीय. मराठी सबटायटल्स आम्हीच केली, पण जुन्या पाल (टीव्हीची एक प्रसारणपद्धत) डीव्हीडीवरून, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम्सच्या वेगावर. नवी प्रत सिनेमाच्या मूळ वेगाची, म्हणजे सेकंदाला साधारण 24 फ्रेम्सची, 104 मिनिटांची.

सुरुवात चोख जुळते, मग ओळी हळूहळू पुढे सरकतात. शेवटी फरक चार मिनिटांचा. सिनेमातली पोरं चॅप्लिनचा मूकपट बघून खिदळतायत आणि खाली भलतेच संवाद उमटतायत, सगळा विचका!

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डिले देऊन, म्हणजे सगळ्या ओळी सारख्याच मागे ढकलून पाहिल्या. एक जागा जुळवली की दुसरी बिघडते. वेग तिथे बदलता येतो हे माहीत आहे, पण हॉलचा प्लेअर पेनड्राइव्हवरून चालतो, त्यात ती सोय नाही. त्यामुळे एसआरटी, म्हणजे सबटायटल्सची फाइलच दुरुस्त करायला हवी. हाताने शक्य नाही, ओळी शेकड्यांनी आहेत. त्यासाठी 'सबटायटल एडिट' हे सॉफ्टवेअर विंडोजवर टाकलंय.

त्यात फ्रेम रेट 25 वरून 24 करायचा की 23.976? चुकलं तर शेवटी सहाएक सेकंदांचा घोळ उरेल. की पहिला आणि शेवटचा संवाद पकडून मधलं सगळं ताणणं जास्त खात्रीचं?